काठीला लागलेली ठेच

कॅसीना, जॉर्जियाचा किनारा
१९ सप्टेंबर १९५६

प्रिय फिलिडा,

तुझे पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो माझ्या लाजाळूपणामुळे नव्हे. कागदावर मी कधीच लाजले नाही, हे थोरली बहीण म्हणून तुला ठाऊकच आहे. सरत्या वर्षाच्या जागराला घरी येऊ का, असे तू विचारले आहेस, आणि त्याचे उत्तर माझ्या हाती नाही. मी प्रश्न बाबांपुढे ठेवला. ते मासळीच्या जाळ्यापाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"प्रार्थनाघराचं दार कुणालाच बंद नसतं," एवढेच म्हणाले. मग थोड्या वेळाने जाळ्याशीच बोलावे तसे म्हणाले, "पण मी काठी धरतोय तोवर ती फेरात पाऊल टाकणार नाही."

म्हणजे दार उघडे आणि रिंगण बंद. अशा घरी तू पाहुणी म्हणून यायची नाहीस, हे मला कळते.

त्या जागराविषयी आपण एकमेकींना कधी लिहिले नाही. तेव्हा मी शाळकरी होते आणि टाळ्या देणाऱ्या बायकांच्या मागे दडून बसले होते. टेमारआत्या ओळ सांगत होती, बायका ती उचलत होत्या, बाबांची काठी लाकडी जमिनीवर ठेका देत पडत होती, आणि तू फेरात होतीस. एकाएकी तुझा उजवा पाय डाव्यावरून गेला. काठी थांबली. गाणे थांबले. फेरात पाऊल घासत न्यायचे, पायावर पाय येऊ द्यायचा नाही. आला की ती प्रार्थना राहत नाही, नाच होतो. आपल्याला हे चालता येण्याआधी शिकवलेले. त्यातून तू त्याच आठवड्यात पुलापलीकडच्या नाचघरात गाऊन आलेली, कानांत ते लाल डूल. सर्वांनी ठरवून टाकले की तू मुद्दाम केलेस, देवाच्या फेरात नाचघर आणलेस. नव्या वर्षाचा भात शिजण्याआधी तू बसमध्ये बसलेली होतीस. त्याला आता सहा वर्षे होतील.

हे सगळे मी उकरून काढते आहे ते उगाच नव्हे. हेझकायाच्या दुकानातल्या ज्यूकबॉक्समध्ये तुझी तबकडी आली आहे. मी मीठ आणायला गेले होते. तुझा आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. पण मीठ विसरून मी उभी राहिले ती आवाजामुळे नव्हे. त्या आवाजाखाली जो ढोल वाजतो, तो ढोल नव्हेच, फिलिडा. ती आपली काठी आहे. तुझ्या त्या फिलाडेल्फियात आपली काठी कुणी नेली?

बाबा बरे आहेत. जाळ्यांना मागणी आहे.

तुझी,
ऑर्लीन

१४ ऑक्टोबर १९५६

प्रिय फिलिडा,

तुझ्या उत्तराची वाट पाहण्याइतका धीर मला नाही, म्हणून पुन्हा लिहिते. गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात एकच विषय आहे. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावते आणि टेबलाखाली माझी बोटे काठी वाजवतात.

परवा दुकानात रेडिओवर तुझेच गाणे लागले. म्हणजे शब्द तुझे, चाल तुझी. गात होता कोणी गोरा मुलगा. निवेदकाने त्याचे नाव दोनदा सांगितले, तुझे एकदाही नाही. हेझकाया म्हणाला, "ऑर्लीन, कपडे आपले, इस्त्री त्यांची. आता दुकानात दुप्पट भावानं विकणार बघ!" त्यावर सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्या इस्त्रीवरच माझे मन अडकले. त्या मुलाचे गाणे एकदम सपाट चालते. तुझ्या तबकडीत तसे नाही. मी हेझकायाला ती लगेच लावायला सांगितली. (होय, मी सांगितले. सगळ्यांच्या देखत.) प्रत्येक कडवे संपताना तुझ्या गाण्याच्या काठीला ठेच लागते. एक ठोका घाईने, वेळेआधी पडतो आणि त्याला सावरायला मागून दुसरा धावतो. गोऱ्या मुलाने ती ठेच पुसून टाकली आहे. बाबांच्या काठीत मी ती कधी ऐकलेली नाही. मग ती आली कुठून? त्या ढोलवाल्याची ती करामत आहे काय?

काठीचे मूळ तरी समजावे म्हणून मी टेमारआत्याकडे गेले. ती अंगणात भेंडी चिरत होती. विचारले, आपण फेराला झाडूचा दांडाच का वाजवतो? तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी मुळाक्षरेच विसरले आहे.

"अगं पोरी, शाळेत शिकवतेस ना तू? तिथं हे नाही सांगत?"

"नाही, आत्या."

"मग काय सांगतात, डोंबल? माझी आजी गुलामीत जन्मलेली. तिच्या आजीच्या वेळेला ढोल होते. समुद्रापलीकडून लोक आले ते हात रिकामे घेऊन आले, पण ढोल करायला येत होता ना त्यांना. मग मालकांना भीती वाटायला लागली. एका मळ्यातला ढोल दुसऱ्या मळ्याला काय सांगतो, कुणास ठाऊक! कायदाच केला. ढोल दिसला की जाळायचा, वाजवणाऱ्याला फटके."

"आणि काठी?"

"काठी कुठली, झाडू म्हण झाडू! ढोलावर बंदी घातली त्यांनी. झाडूवर घातली असती, तर त्यांच्या घरातला केर कुणी काढला असता?" आणि ती इतकी हसली, की भेंडी मांडीवरून सांडली.

घरी परतताना वाटभर मी याचाच विचार करत होते. आपण समजतो की काठी ही प्रार्थनाघराची आणि ढोल नाचघरातला. पण काठी म्हणजे लपवलेला ढोलच असेल, तर तुझ्या त्या ढोलवाल्याने देवाघरचे काही चोरले नाही; उलट ते ज्याच्या घरचे होते त्याच्या घरी पोचवले. हे मी बाबांना सांगू शकेन काय? जेवताना दोनदा तोंड उघडले, आणि दोन्ही वेळा मीठ मागितले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खरी लिहिली नाही. जाळ्यांना मागणी आहे हे खरे, पण ती आता मी विणते. ऑगस्टमध्ये बाबांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. बोलणे सावरले, चालतात; पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. "मी काठी धरतोय तोवर" असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात सुईसुद्धा नव्हती. तुला हे कळवू नये, अशी त्यांची ताकीद होती. त्यांना दया नको आहे, विशेषतः तुझी.

ऑर्लीन

११ नोव्हेंबर १९५६

प्रिय फिलिडा,

तुझे पत्र मी परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून वाचले. बाबांच्या हाताविषयी तू जे लिहिलेस ते मी त्यांना वाचून दाखवले नाही, दाखवणारही नाही. उरलेल्या पत्राने मात्र मला झोपू दिलेले नाही.

तू लिहितेस, की लिनवूड नावाचा तो ढोलवाला मूळचा बाल्टिमोरचा, त्याने आपला किनारा कधी पाहिलेला नाही. गाण्याला ठेका सापडत नव्हता, तेव्हा तूच चमच्याने टेबलावर बाबांची काठी वाजवून दाखवलीस. त्याने तुला विचारले, "बाई, ही ठेच काढू का? ऐकणाऱ्याचा पाय अडकेल." तू नको म्हणालीस. कारण त्या जागराची काठी तुझ्या कानात शेवटची राहिली, आणि ती ठेच वगळून तुला वाजवताच येईना. "माझा पाय चुकला म्हणून बाबांची काठी अडखळली; ती माझी चूक आहे, ती माझ्या गाण्यात राहू दे," असे तू त्याला सांगितलेस.

फिलिडा, मी पुस्तकांत रमणारी मुलगी आहे. फेरात मी कधी उतरले नाही; इतक्या डोळ्यांपुढे चालणे मला जमत नाही. पण मागे बसून टाळ्या देणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी फेरात चालणाऱ्याला दिसत नाही. पाय काठीच्या मागून जातो. काठी पायाच्या मागून जात नाही. मग तुझा पाय आधी चुकला आणि त्यामुळे काठी अडखळली, हे कसे घडेल? तुझा पाय चुकल्यावर काठी थांबली, हे मी स्वतः पाहिले. थांबण्याच्या आधी ती अडखळली होती की नाही, हे मला आठवत नाही. ते आता फक्त तुझ्या तबकडीला आठवते.

माझी समजूत चुकीचीही असेल. चुकीची निघाली, तर मी तुझ्यावरचा ठपका आणखी गडद करून ठेवीन. आणि बरोबर निघाली, तर आजारी माणसाला त्याच्याच काठीने मारल्यासारखे होईल. मी काय करावे? तुझे उत्तर येईपर्यंत थांबायचे, असे मी ठरवले आहे.

ऑर्लीन

२ डिसेंबर १९५६

प्रिय फिलिडा,

मी थांबले नाही.

मंगळवारी बाबा ओसरीत बसले होते. मी शेजारी जाळे घेऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, मला एक अडलंय. हेझकायाच्या दुकानात एक काठी वाजते. ती मध्येच ठेचकाळते, आणि का ते मला कळत नाही."

"कुणाची काठी?"

"त्या माणसाला मी ओळखत नाही."

हे खोटे नव्हते. दुकानात काठी कशी, हे बाबांनी विचारले नाही. त्यांना काय वाजते ते ठाऊक असावे. पण काठी ठेचकाळते, हे ऐकून स्वस्थ बसणे त्यांना जमत नाही. दुसऱ्याच्या जाळ्यातली सैल गाठसुद्धा ते घट्ट करून देतात. शेवटी ते म्हणाले, "माझी टोपी आण."

आम्ही दुकानात शिरलो, तशी शिंपले सोलणाऱ्या बायकांची बडबड थांबली. प्रार्थनाघराचे डीकन टिमन्स, आपले बाबा, ज्यूकबॉक्सपाशी! त्यांनी पेटीसमोर उभे राहून डाव्या हाताने टोपी काढली.

हेझकायाला राहवले नाही. "काय डीकन, सैतानाच्या पेटीला नमस्कार?"

"नमस्कार नाही रे. कान मोकळे केले. लाव."

तू गाऊ लागलीस. बाबांचा चेहरा हलला नाही. तुझा आवाज त्यांनी ओळखला असणारच, पण ते त्या आवाजाच्या खाली ऐकत होते. पहिले कडवे संपताना ठेच आली, तेव्हा त्यांची डावी टाच जमिनीवरून किंचित उचलली गेली. दुसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले. गाणे संपल्यावर म्हणाले, "पुन्हा." मग, "पुन्हा." हेझकाया स्वतःच्या खिशातली नाणी टाकत होता आणि एकदाही कुरकुरला नाही, यावरून दुकानात काय वातावरण होते ते ओळख.

घरी आल्यावर बाबा थेट स्वयंपाकघरात गेले आणि कोपऱ्यातला झाडू डाव्या हातात घेतला.

"ऊठ. इथं उभी राहा. पाय घास."

"बाबा, मी कधी फेरात..."

"इथं कोण बघतंय तुला? चूल बघतेय. घास म्हणतो ना!"

मी घासू लागले. डाव्या हातानेही काठी सरळ पडत होती, फिलिडा. जरा हलकी, पण सरळ. टेबलाभोवती मी फेऱ्या मारत राहिले, आणि तुला सांगते, मला लाज वाटायची थांबली. काठी पाय उचलते, आपल्याला काही करावे लागत नाही. हे तू मला कधी सांगितले नव्हतेस! इतक्यात त्यांनी ती ठेच मारली, जशी तबकडीत आहे तशीच, एक ठोका घाईने आणि मागून दुसरा. माझा उजवा पाय डाव्यावर गेला. मी टेबल धरले म्हणून पडले नाही.

"मुद्दाम केलंस?"

"नाही, बाबा!"

"पुन्हा चाल."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी पाय सांभाळायचा ठरवून चालले, तरीही तेच. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. तो घसरून खाली पडला, आणि त्यांनी उचलला नाही.

"काठीवाल्यानं पाय बघायचे असतात," ते म्हणाले. "मी त्या वेळी तिचं तोंड बघत होतो. ते लाल डूल."

मी काही तरी बोलायला हवे होते काय? तू असतीस तर बोलली असतीस. मी भात वाढला. त्यांनी तो डाव्या हाताने, सांडत सांडत, सगळा खाल्ला.

येण्याविषयी त्यांनी अजून काही म्हटलेले नाही. म्हणून तूही बसचे तिकीट काढू नकोस, आणि मागाहून रद्द करावे लागेल असे त्या रात्रीसाठी दुसरे काही ठरवूही नकोस.

ऑर्लीन

१७ डिसेंबर १९५६

प्रिय फिलिडा,

काल प्रार्थनेनंतर बाबा उभे राहिले. टेमारआत्या शाल गुंडाळत होती. या वर्षी जागराला काठी कोण धरणार, याची कुजबुज गेले कित्येक रविवार चालू आहे, त्यामुळे सर्वांना वाटले की ते काठी दुसऱ्याकडे सोपवणार. ते म्हणाले, "बसा जरा. माझ्या फिलिडाच्या वर्षी फेर मोडला. तिचा पाय चुकला नव्हता. माझी काठी चुकली होती."

मग टेमारआत्या शाल गुंडाळता गुंडाळताच म्हणाली, "हे कळायला सहा वर्षं लागली का रे तुला? मला तर तेव्हाच ऐकू आलं होतं."

बाबा तिच्याकडे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"काठीवाल्याला कुणी टोकलंय कधी? काठी चालू असताना बोललं की फेर मोडतो. आपल्यात कुणी बोलत नाही."

"फेर तर मोडलाच, टेमार."

"हो," ती म्हणाली आणि खाली बसली. ती इतकी म्हातारी झालेली मी आजवर पाहिली नव्हती. "मोडला खरा. आणि पोर गेली."

मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणाले, पण ती नाचघरात तर गात होतीच ना? त्या वेळी मी उभी राहिले. आपण उभ्या आहोत हे मला उभी राहिल्यावर कळले. मी टेमारआत्याने सांगितलेलेच सांगितले: ढोल जाळले आणि झाडू उरला, आपण ज्याला देवाची काठी म्हणतो, तो जिवंत राहिलेला ढोल आहे, फिलिडाने तो कुणाला विकला नाही, ती तो सोबत घेऊन गेली, कारण नेण्यासारखे तिच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. माझा आवाज फार लहान येत होता. लोकांना ऐकण्यासाठी पुढे वाकावे लागले, आणि एवढे लोक आपल्याकडे वाकलेले पाहून मी शेवटचे वाक्य विसरले आणि बसले. पण बाहेर पडताना त्या मागच्या बाकावरल्या बाईने मला विचारले, की तुझी बहीण येईल तेव्हा भाताबरोबर लाल चवळी खाते ना अजून, की तिकडे जाऊन सोडली?

ती खाते, असे मी सांगून टाकले आहे. तेव्हा आता खावी लागेल.

काल रात्री मी बाबांना लिनवूडची आणि त्या ठेचेची हकीकत सांगितली. आज सकाळी त्यांनी मला कागद घेऊन समोर बसवले. "लिही," म्हणाले. ते सांगत गेले तसेच लिहिते, एक शब्दही इकडचा तिकडे न करता:

"तिला सांग, लिनवूडलाही आण म्हणावं. ढोल आणायचा नाही, पण टाळ्यांना माणूस कमी आहे. त्या तबकडीतली ठेच काढू नका म्हणावं. तुमच्याकडं पायावर पाय आला तर चालतो, तिथं ती शोभते. इथं मी डाव्या हातानं वाजवीन. डावा हात अजून कच्चा आहे, चुकेल. माझी काठी चुकली, तर तू पाय थांबव. तुझा पाय चुकला, तर मी काठी थांबवणार नाही."

ऑर्लीन